पश्चिम फाटकाचा वळसा

सूछिनमावशी लिफ्टमध्ये शिरल्या की आतली माणसं न सांगता भिंतीला चिकटतात. चंगचौ शहरातल्या ट्रॉलीबसवर एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेली बाई. दाराशी कुणी रेंगाळताना दिसलं की तोंडून निघायचंच, "आत सरका, आत सरका, मागं जागा आहे." लिफ्टमध्ये मागं आरसा असतो, जागा नसते, पण सरकतात बिचारे. आमची सात नंबरची इमारत तेहतीस मजल्यांची, मजल्यावर चार घरं आणि लिफ्ट दोन. त्यातली एक कायम कुणाच्या तरी सोफ्यात अडकलेली असते. आपण नसतो तर निम्मी इमारत कामावर वेळेत पोचलीच नसती, असं मावशींचं ठाम मत आहे, आणि ते खोडून काढायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

वसाहतीचं नाव 'व्हेनिस किनारा'. किनारा कसला डोंबलाचा, समोर आठ पदरी रस्ता. पाणी म्हणाल तर एक कारंजं आहे, ते कुणी फ्लॅट बघायला येणार असलं की अर्धा तास उडतं. पूर्वी इथं कापड गिरणीच्या बैठ्या चाळी होत्या. त्या पाडून अकरा मनोरे उभे केले आणि ज्यांची घरं पाडली त्यांना वर आभाळात घरं दिली. मावशींना आणि त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे गिरणीत साचे दुरुस्त करणाऱ्या मंगकाकांना, सत्ताविसावा मजला आला. मागची गल्ली मात्र वाचली. गिरणीच्या जुन्या सहामजली इमारती, भाजीबाजार, मिरीचं झणझणीत सूप विकणारा, आणि चिनाराखाली म्हाताऱ्यांचा रथ-तोफांच्या चिनी बुद्धिबळाचा अड्डा, सगळं जागच्या जागी. सात नंबरच्या दारातून पश्चिमेचं फाटक चाळीस पावलांवर. फाटकातून तीन पायऱ्या उतरलं की चिनार.

मंगकाकांचा जीव त्या चिनाराखाली. गिरणी बंद पडल्यापासून रोज दुपारी तीनला ते तिथं बसायचे आणि अंधार पडला की हाक मारून आणावे लागायचे. जानेवारीत बर्फावरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. फेब्रुवारीत घरी आले तर पश्चिमेच्या फाटकाला हे भलं मोठं कुलूप.

झालं होतं असं, की पार्सल पोचवणाऱ्या एका स्कूटरवाल्यानं नऊ नंबरातल्या बाईंच्या कुत्र्याला घासून गाडी नेली. कुत्र्याला खरचटलंसुद्धा नाही. बाईंनी मात्र वसाहतीच्या ग्रुपवर तीन दिवस असा काही गहजब केला, की मॅनेजमेंटनं 'सुरक्षिततेसाठी' फाटकच बंद करून टाकलं. आता गल्लीत जायचं म्हणजे द्राविडी प्राणायाम. दक्षिण फाटकातून बाहेर पडा, आठ पदरी रस्त्याच्या कडेनं चाला, पादचारी पूल चढा, उतरा, चौकातला सिग्नल धरा, मग पुन्हा उलटं या. एकोणीसशे पावलं जाताना, तेवढीच येताना, वर हातात कोबी. सत्ताविसाव्या मजल्यावरून भाजीवालीचा हिरवा ढीग दिसायचा. मावशी वरून ढीग बघून पालक घ्यायचं ठरवायच्या आणि तिथं पोचेपर्यंत पालक संपलेला असायचा.

पण पालकाचं कुणाला पडलंय. डॉक्टरनं बजावलं होतं, की म्हाताऱ्याला रोज चालवा, नाहीतर पाय कायमचा जाईल. आणि म्हातारा पलंग ते गॅलरी, गॅलरी ते पलंग यापलीकडे जाईना. गॅलरीतून चिनाराचा शेंडा दिसायचा, खालचा पट दिसायचा नाही. काका तासन्‌तास त्या शेंड्याकडे बघत बसायचे.

"चल ना खाली, बागेत तरी चल," मावशी म्हणायच्या.

"बागेत काय, कारंजं बघू? फाटक उघडलं की जातो."

"कधी उघडायचं ते?"

"ते मला काय विचारतेस? मी लावलंय का?"

असे सात महिने गेले. काकांच्या पोटऱ्या काठीसारख्या झाल्या. मावशी रोज त्यांचे पाय चोळायच्या. हा माणूस उठला नाही तर पुढच्या हिवाळ्यात झोपूनच राहील, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. म्हणून सप्टेंबरात एके दिवशी त्या पदर खोचल्यासारख्या बाह्या वर सारून मॅनेजमेंटच्या ऑफिसात जाऊन बसल्या.

मॅनेजर क्वांग मॅडम तिशीतली, काळा कोट, गोड हसणारी. अशी हसणारी माणसं मावशींना बसमध्येही आवडायची नाहीत. हसत हसत बिनतिकिटाची जातात.

"मावशी, सुरक्षिततेचा प्रश्न आहे," मॅडमनी गरम पाणी पुढं करत सांगितलं.

"कुणाच्या? चोराला काय दक्षिणेचं फाटक सापडत नाही?"

"सर्वांचं मत घ्यावं लागतं ना. तुमच्या इमारतीतल्या एकशे बत्तीसपैकी अठ्ठ्याऐंशी घरमालकांच्या सह्या आणा. मग मी बघते."

मॅडमना वाटलं, पीडा टळली. मावशींना ओळखत नव्हत्या त्या.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी तेहतिसाव्या मजल्यापासून खाली यायला सुरुवात केली. कुणी दार उघडून सही करून मोकळं व्हायचं, कुणी दाराच्या फटीतून विचारायचं, "काय विकताय?" एकानं तर विमावाली समजून तोंडावर दार आपटलं. मावशी तिथंच उभ्या राहून दहा मिनिटं घंटी वाजवत राहिल्या. शेवटी त्यानं सही केली आणि वर संत्रं दिलं. अकराव्या मजल्यावरच्या नव्या सुनेनं सही करता करता सासूच्या चार तक्रारी सांगून घेतल्या, आणि शेजारच्या दारातून सासूनं सुनेच्या सहा. मावशींनी दोघींच्या सह्या घेतल्या.

गाडी अडली ती शांग गुरुजींपाशी. गुरुजी म्हणजे निवृत्त भूगोलाचे शिक्षक, एकोणिसाव्या मजल्यावरचे. आमच्याकडे मोबाइलवर दिवसाच्या पावलांची यादी लागते, कोण किती चाललं ते सगळ्यांना दिसतं, आणि पहिल्या येणाऱ्याचा मान काही औरच. फाटक बंद झाल्यापासून यादीत गुरुजी सतत पहिले. अठ्ठावीस हजार, तीस हजार. त्यांच्यामागं एकसारख्या लाल टोप्या घातलेली, आमच्याच इमारतीतली सतरा माणसांची पलटण रोज वळसा घालायची. मॅनेजमेंटनं कहर म्हणजे दक्षिण फाटकावर तांबडा फलक लावला होता: 'आमचे रहिवासी, चालण्यात शहरात अव्वल.'

"सूछिन, वळसा म्हणजे वरदान आहे," गुरुजी म्हणाले. "फाटक उघडलं की माणसं आळशी होतील."

"गुरुजी, माझा माणूस चाळीस पावलं चालू शकतो. एकोणीसशे नाही."

"मनाचा निश्चय हवा. माझ्याकडे बघ."

मावशी बघतच परत गेल्या. गुरुजी सही करेनात म्हणून टोपीवाल्यांतलं एकही सही करेना. आकडा त्र्याहत्तरवर येऊन रुतून बसला.

मग एका सकाळी, खरं तर गुरुजींच्या शेजारणीकडे जायचं होतं, पण गुरुजींचं दार किलकिलं दिसलं. आतून टक टक, टक टक असा आवाज. मावशींनी डोकावलं. गुरुजी पायजम्यात सोफ्यावर आडवे, सूर्यफुलाच्या बिया सोलताहेत. समोर टेबलावर विजेवर हलणारा एक इवलासा प्लास्टिकचा झोपाळा, आणि त्यात मोबाइल झोके घेतोय, एकेका झोक्याला एकेक पाऊल मोजत.

मावशींनी दार पुरतं ढकललं.

"बाळ झोपलं का?" त्यांनी विचारलं.

गुरुजी ताडकन उठले. बिया सगळीकडे सांडल्या. "हे... हे पावसाच्या दिवसांपुरतं आहे."

"बाहेर लख्ख ऊन आहे, गुरुजी."

गुरुजींनी सही केली. सतरा टोप्यांच्या सह्या संध्याकाळच्या आत घरपोच आल्या. मावशी या कानाचं त्या कानाला बोलल्या नाहीत, निदान त्या आठवड्यात तरी. सगळ्या मिळून एक्क्याण्णव सह्या. मावशींनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, केस विंचरले आणि क्वांग मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.

तीन दिवसांनी कागद परत आला. त्यावर लाल पेनानं रेघोट्याच रेघोट्या. उरल्या होत्या अडतीस.

"हे काय?"

"मावशी, मी घरमालक म्हटलं होतं. काही भाडेकरू आहेत. आणि ही बाकीची वडीलधारी मंडळी, यांच्या नावावर घरं नाहीत." मॅडमनी बोट खाली नेलं. "हे बघा. कोंग सूछिन. मालक नाहीत."

मावशींच्या स्वतःच्या नावावर लाल रेघ होती.

आणि त्यात खोटं काही नव्हतं. मुलगा लग्नाचा झाला तेव्हा मुलीकडच्यांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, मुलाच्या नावावर घर आहे का? तेव्हा मावशींनीच हट्ट धरून फ्लॅट त्याच्या नावावर केला होता. काकांना वाटत होतं थोडं थांबावं, त्यांना गप्प बसवलं होतं. मुलगा शेनचेनला, वर्षातून एकदा नवीन वर्षाला येतो. आख्ख्या इमारतीत हीच गत. आईबापांनी घरं पोरांच्या नावावर केली, पोरं परगावी, आणि घरं राखत म्हातारे बसलेले. त्यातला मालक एक नाही. शांग गुरुजींवरसुद्धा लाल रेघ होती. त्यांचं घर शांघायमधल्या मुलीचं निघालं.

"मालकांनी स्वतः येऊन सही केली तर चालेल," मॅडम हसून म्हणाल्या.

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला, त्यांनी कागद ओढून घेतला. घरी येऊन त्यांनी कागद काकांपुढं टाकला. "घे. आपण तुझ्या पोराचे पाहुणे आहोत."

काकांनी कागद वाचला, घडी घातली. "जाऊ दे, सूछिन. तू तुझ्याकडून केलंस." त्यांचा चेहरा पडायला हवा होता, तो पडला नाही. मावशींना ते खटकलं, पण रागाच्या भरात त्या तशाच चपला घालून बाहेर पडल्या आणि एकोणीसशे पावलं चालून चिनाराखाली जाऊन उभ्या राहिल्या.

पटावर म्हातारा शुए बसला होता. गिरणीतला काकांचा जोडीदार, चाळीस वर्षांचा वैरी आणि दोस्त. गल्लीतल्याच पाचव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, रोज जिना उतरून येतो.

"काय गं, रुसवा गेला का त्याचा?" शुएनं पटावरून मान वर न करता विचारलं.

"कसला रुसवा?"

"तो घोडा. जानेवारीत त्यानं चुकीचा टाकला, मी परत घेऊ दिला नाही. तेव्हापासून बोलत नाही. दवाखान्यात भेटायला गेलो, तर भिंतीकडे तोंड करून झोपला."

"त्याला भूल दिली होती, शहाण्या. फोन का नाही केलास?"

"त्यानं करायचा आधी. घोडा त्याचा होता."

"आणि घरी का नाही आलास?"

"तुमचं ते तोंड बघून दार उघडणारं यंत्र मला आत घेत नाही. दोनदा उभा राहिलो, दोनदा म्हणालं, अनोळखी व्यक्ती. आयुष्य या मातीत गेलं, मी अनोळखी."

मावशी मट्‌कन त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि सगळं सांगितलं. फाटक, सह्या, लाल रेघा, पोटऱ्या. शुए ऐकत राहिला. मग त्यानं पट मिटला, बैठं टेबल उचललं आणि म्हणाला, "तीन पायऱ्या चढायच्या ना? चला रे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी काकांना म्हणाल्या, "शुए गल्लीभर सांगत सुटलाय, की तू हरत आला होतास, म्हणून मुद्दाम बर्फावर आडवा झालास."

काका गॅलरीतून गर्रकन वळले. "असं म्हणाला?"

"आख्ख्या गल्लीसमोर. फाटकाशी पट मांडून बसलाय."

"चाकाची खुर्ची काढ."

तेवढ्या चाळीस पावलांपुरती मावशींनी खुर्ची ढकलली. फाटकाच्या पलीकडे टेबल, अलीकडे खुर्ची. काका गजातून हात घालून सोंगटी हलवायचे. दोघं एकमेकांना काय म्हणाले? शुए म्हणाला, "वाळलास." काका म्हणाले, "घोडा दे माझा." झालं, एवढंच.

बुद्धिबळाभोवती उभ्या राहणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांना गप्प बसणं हा रोग वाटतो. खेळणारे दोन आणि शिकवणारे वीस. आठ दिवसांत गल्लीच्या बाजूला वीस आणि आतल्या बाजूला तीस जमू लागले. "रथ काढ, रथ काढ." "रथ काढून काय त्याला नातवंडं होणार? तोफ मागं घे." लाल टोप्यांची पलटणसुद्धा वळसा सोडून तिथंच थबकू लागली आणि यादीत गुरुजी एकदम नव्वदावे आले. पहारा द्यायला नेमलेला वॉचमन दू, अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ, पहिले दोन दिवस "गर्दी करू नका" म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी "हत्ती मरतोय, दिसत नाही का?" म्हणाला.

क्वांग मॅडम टाचा वाजवत आल्या. "दू, रस्ता मोकळा करा."

"रस्ता कुठाय, मॅडम?" दू गरिबासारखं म्हणाला. "फाटक बंद आहे."

बाहेरचे सरकारी रस्त्यावर उभे, आतले आपल्या पोरांच्या जमिनीवर. हाकलायचं कुणाला? मॅडम उभ्या राहिल्या, आणि त्याच वेळी गल्लीतून जाणाऱ्या कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं. गजाआड म्हातारा, बाहेर त्याचे दोस्त. दोन दिवसांत लाखभर माणसांनी पाहिलं. खाली लोक विचारत होते, "आजोबांचा गुन्हा काय?" "किती वर्षांची शिक्षा?" "चांगल्या वर्तनाबद्दल सूट मिळते का?" मॅनेजमेंटच्या मोठ्या ऑफिसातून मॅडमना फोन आला. काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण सोमवारी सकाळी कुलूप गेलं आणि नवा तांबडा फलक लागला: 'जिव्हाळ्याचं दार, दुपारी तीन ते सहा.'

तीनला दूनं फाटक ढकललं. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. टेबल परत चिनाराखाली गेलं. सगळे काकांकडे बघू लागले.

खुर्ची उंबऱ्याशी थांबली. पुढं तीन पायऱ्या.

"उचलू का खुर्ची?" शुएनं विचारलं.

"मी काय कपाट आहे?" काका म्हणाले. "आज वारा आहे. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी चपलेचा तळ गुळगुळीत झाला होता. त्या वेळी मावशी कणीक मळत होत्या, त्यांनी ती परातीत आपटली. "तेहतीस मजले मी दारोदार हिंडले. त्या बाईच्या ऑफिसात अपमान गिळला. फाटक उघडलं की जातो म्हणालास ना? उघडलं. आता काय पालखी आणू?"

काकांनी गॅलरीकडे पाठ केली.

"सूछिन, फाटक बंद होतं तेव्हा बरं होतं."

मावशींचा हात थांबला.

"बंद होतं तोवर मला म्हणता यायचं, की जाता येत नाही. आता काय म्हणू? डोळे मिटले की मी त्या पायऱ्यांवरून पडतो. पुन्हा हाड, पुन्हा दवाखाना. तुला पुन्हा माझी घाण काढावी लागणार. मला भीती वाटते गं. फाटकाचं काही नव्हतं."

मावशी खाली बसल्या, कणकेच्या हातांनीच. फाटकाशी भांडता आलं होतं, मॅडमशी भांडता आलं होतं. याच्याशी कसं भांडायचं? त्यांना काकांचा राग आला नाही. स्वतःचंच काहीतरी उघडं पडल्यासारखं झालं.

"मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "तू न्हाणीत गेलास की मी दाराबाहेर उभी असते. भांडी घासतेय असं दाखवत."

"माहितीय. भांडं वाजतं, नळ वाजत नाही."

दोघंही थोडं हसले. मग मावशी म्हणाल्या, "पडलास तर पडलास. मी घाण काढेन, शिव्या देईन आणि काढेन. पण इथं बसून वाळू नकोस. ते मला बघवत नाही. खरंच बघवत नाही."

काकांनी कणकेची परात मावशींपुढं सरकवली.

चौथ्या दिवशी तीनला खुर्ची फाटकाशी आली. काकांनी काठी मागितली आणि खुर्चीचे हात धरून उभे राहिले. मावशींनी दंड पुढं केला.

"तू भाजी घ्यायला जा," काका म्हणाले.

"अरे पण..."

"जा म्हणतो ना. तू बघत असलीस की पाय लटपटतात."

मावशी एकट्या तीन पायऱ्या उतरल्या, चिनार ओलांडून भाजीच्या गाड्यापाशी गेल्या आणि फाटकाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मागं वीसेक म्हातारे जमले होते, आणि त्यातला एकही काही सांगत नव्हता. काठी कुठं टेक नाही, पाय कुठं ठेव नाही. दूचासुद्धा आवाज नव्हता.

काठी दगडावर टेकल्याचा आवाज आला. मग खूप वेळ काहीच नाही.

"मावशी, वळून बघा की," भाजीवाली हळूच म्हणाली.

"नाही."

"पहिली उतरले." भाजीवाली मावशींच्या खांद्यावरून बघत होती. "थांबलेत. घाम आलाय. कठडा धरलाय. दुसरी."

मावशींनी लसणाची पात हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली.

"काय झालं?"

भाजीवाली बोलेना.

"अगं काय झालं, सांग ना."

तेवढ्यात मागून पटावर सोंगटी आपटल्याचा दणदणीत आवाज आला.

"अरे, आधी खाली बस तरी," शुए ओरडला, "आणि खेळी माझी आहे."

मावशींनी गाड्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि त्या रडल्या.